सिकलसेलचा सातवा मूत्रपिंडविकार

प्रस्तावना

सिकलसेलच्या तपासणीत ज्याचा अहवाल ‘एएस पॅटर्न’ असा येतो, त्याला आरोग्य केंद्रात एक वाक्य हमखास ऐकवले जाते: तुम्ही वाहक आहात, रुग्ण नाही, काळजी करू नका. हे वाक्य खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. लाखो वाहक आयुष्यभर शेती करतात, संसार करतात, म्हातारे होतात आणि सिकलसेलचा त्रास म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाहीत. पण त्या वाक्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. हजारो वाहकांतून एखाद्याच्याच बाबतीत ती घडते. मात्र ज्याच्या बाबतीत घडते तो बहुधा शाळा-कॉलेजात जाणारा मुलगा नाहीतर नुकता कामाला लागलेला तरुण असतो, आणि त्याच्या हाताशी वेळ फार थोडा असतो. मूत्रपिंडाच्या गाभ्यात उगवणाऱ्या या कर्करोगाला डॉक्टर रीनल मेड्युलरी कार्सिनोमा म्हणतात, थोडक्यात आरएमसी. ही पुस्तिका त्या एका आजाराबद्दल आहे. इगतपुरी तालुक्यातल्या आशाताई, परिचारिका, आश्रमशाळांचे शिक्षक आणि ज्यांच्या घरात ‘एएस’ लिहिलेले कार्ड आहे अशी माणसे यांच्यासाठी ती आहे.

इगतपुरीसाठीच का, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रातला सिकलसेल म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीचे माडिया आणि गोंड, आणि विदर्भातले कितीतरी अनुसूचित जातींचे समाज. त्यातल्या काही गटांत शंभरांतले वीस ते पस्तीस जण वाहक आढळले आहेत. थळ घाटाच्या माथ्यावरचा, भाताचा आणि नागलीचा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी वस्त्यांचा हा पट्टा त्या मानाने कमी प्रमाणाचा. पण माणसे जागच्या जागी राहत नाहीत. रेल्वेने, महामार्गाने आणि गोंदे-वाडीवऱ्ह्याच्या कारखान्यांनी इथे बाहेरची वस्ती आणली, लग्नसंबंधही आता तालुक्याच्या शिवेत थांबत नाहीत. शिवाय जिथे एखादी गोष्ट क्वचित घडते तिथे ती ओळखणारा डोळाही तयार झालेला नसतो. नंदुरबारमधल्या धडगावच्या डॉक्टराच्या मनात सिकलसेल पहिल्या पाचांत येतो, इथल्या घोटीच्या डॉक्टराच्या मनात तो दहाव्या-बाराव्या जागी असेल. माझ्या मते या पुस्तिकेची गरज घोटीला म्हणूनच जास्त आहे.

सिकलसेलचा इतिहास पुस्तिकेत आला आहे, त्यामुळे मी तो इथे धावता सांगतो. 1910 मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. मग व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधून काढली: बीटा साखळीच्या सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढासाच फरक. भारतात तो 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि काही वर्षांतच मध्य भारतातूनही नोंदी येऊ लागल्या. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी पुढे नंदुरबारकडच्या दुर्गम पाड्यांत या आजारासाठी आयुष्य घातले, त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य, आणि निर्मूलनासाठी 2047 ही मुदत. म्हणजे येत्या काळात ‘एएस’ असा अहवाल हाती घेतलेली माणसे या देशात पूर्वी कधी नव्हती इतकी असणार आहेत. त्यांना काय सांगायचे, हे आताच ठरवायला हवे.

आता मूत्रपिंडाकडे वळतो.

वाहकाच्या लाल पेशींत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते, साधे जास्त आणि सिकलचे कमी. फुप्फुसांत, हृदयात, हातापायांत त्या पेशी बिनबोभाट काम करतात. उलट, फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून त्या वाहकाला वाचवतात, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेत दाखवले, आणि हा दोष हजारो वर्षे टिकून राहिला तो या उपकारामुळेच. पण शरीरात एक ठिकाण असे आहे की जिथे वाहकाची पेशीही वाकते. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात, ज्याला मेड्युला म्हणतात तिथे, रक्त सरळ, लांब, केसाएवढ्या नळ्यांतून अतिशय संथ वाहते. लघवी दाट करायची तर हा संथपणा लागतोच. तिथे मीठ दाटलेले असते, आम्लता जास्त असते आणि प्राणवायू फारच कमी. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात प्राणवायूचा दाब साधारण पन्नास असेल तर गाभ्यात तो दहा ते वीसपर्यंत उतरतो. कमी प्राणवायू, जास्त मीठ, जास्त आम्ल: सिकल हिमोग्लोबिनच्या कांड्या बनायला जे जे लागते ते सगळे या एका जागी हजर आहे. पेशी वाकतात, बारीक नळ्या तुंबतात, गाभ्याच्या टोकांना रक्त पोचत नाही.

याचे सौम्य परिणाम कित्येक वाहकांच्या अंगी असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत. त्यांची लघवी हवी तेवढी दाट होत नाही, रात्री उठावे लागते, लहान मुले अंथरूण ओले करतात आणि मार खातात. काहींच्या लघवीतून मधूनच न दुखता रक्त जाते आणि आपोआप थांबते. सिकलसेलमुळे होणारे असे सहा मूत्रपिंडविकार 1974 पासून वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेले होते. 1995 मध्ये वॉशिंग्टनच्या सैन्यदलाच्या विकृतिशास्त्र संस्थेत चार्ल्स डेव्हिस, एफ. के. मोस्तोफी आणि इझाबेल सेस्टरहेन यांनी बावीस वर्षांत आलेल्या मूत्रपिंडाच्या गाठींतून तीसहून अधिक गाठी बाजूला काढल्या. सगळ्या गाभ्यातून निघालेल्या. रुग्णांचे वय अकरा ते एकोणचाळीस. एखादा अपवाद सोडता सगळे कृष्णवर्णीय, आणि जवळजवळ सगळे सिकलसेलचे वाहक. शस्त्रक्रियेनंतर ते सरासरी पंधरा आठवडे जगले होते. त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच या गाठीला सातवा सिकलसेल मूत्रपिंडविकार म्हटले.

या निबंधाने मला नेहमी अस्वस्थ केले आहे. बावीस वर्षे या गाठी येत होत्या. तरुण मुलांचा मूत्रपिंडाचा कर्करोग ही काही नजरेआड होणारी गोष्ट नव्हे. तरी वाहक असणे आणि ही गाठ यांची सांगड घालायला इतका काळ लागला. कारण वाहक हा निरोगी, असा सगळ्यांचाच समज पक्का होता. निरोगी माणसाच्या केसपेपरवर सिकलसेलची ओळ कोण लिहिणार?

सांगड लागली तरी कारण कळायला आणखी वेळ गेला, आणि इथे या आजाराचे आनुवंशिक अंग येते. त्यातला एक मुद्दा वाचकाने पक्का धरावा. मूत्रपिंडाचे काही कर्करोग घराण्यातून येतात. व्हॉन हिपेल-लिंडाऊ नावाचा विकार तिसऱ्या गुणसूत्रावरच्या दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आरएमसी तसा नाही. इथे दोन वेगवेगळ्या जनुकांची कथा आहे. पहिले जनुक अकराव्या गुणसूत्रावरचे, बीटा ग्लोबिनचे. ते आईकडून किंवा बापाकडून येते आणि जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते. दुसरे बाविसाव्या गुणसूत्रावरचे, स्मार्क-बी-वन. ते जन्मतः धडधाकट असते आणि मूत्रपिंडाच्या गाभ्यातल्या एखाद्याच पेशीत, आयुष्याच्या ओघात मोडते. पहिले वारशाने मिळते, दुसरे मिळत नाही. म्हणून आरएमसी झालेल्या माणसाच्या मुलांना कर्करोग वारशाने जात नाही. जाऊ शकते ते फक्त वाहक असणे.

स्मार्क-बी-वन काय करते? पेशीच्या केंद्रकात दोन मीटर लांबीचा डीएनए घड्या घालून, आवळून ठेवलेला असतो. माळ्यावरच्या बोचक्यातून हवे तेवढेच लुगडे काढून बाकीचे तसेच बांधून ठेवावे, तसे काम प्रथिनांचा एक संघ करत असतो. कोणती जनुके उघडायची आणि कोणती मिटलेली ठेवायची हे तो पाहतो. या संघाचा शोध आधी यीस्टमध्ये लागला. त्यातल्या एका प्रथिनाचे मानवी रूप 1994 मध्ये गंजम कल्पना या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडले, आणि तेही कर्करोगाच्या वाटेने नव्हे. एचआयव्हीचे एक विकर मानवी पेशीतल्या कशाला चिकटते हे त्या पाहत होत्या. म्हणून त्या प्रथिनाला आयएनआय-वन असे नाव पडले, आणि प्रयोगशाळांत आजही तेच चालते. 1998 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की तान्ह्या बाळांच्या रॅब्डॉइड नावाच्या अतिशय जहाल गाठींत हेच जनुक गेलेले असते. आरएमसीतही तेच गेलेले आहे हे त्यानंतर उमगले. 2022 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर हा आजार स्मार्क-बी-वनच्या अभावावरूनच ओळखला गेला आहे. बहुतेक कर्करोगांत डझनांनी जनुके बिघडलेली सापडतात, इथे मुख्य मोडतोड एकाच ठिकाणी असते.

पण वाकलेल्या लाल पेशीचा आणि बाविसाव्या गुणसूत्राचा संबंध काय? अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातले पावलोस म्साऊएल, निझार तन्नीर आणि त्यांचे सहकारी यांनी यावर मांडलेली उपपत्ती मला पटते. गाभ्यात आधीच कमी असलेला प्राणवायू पेशी तुंबल्यावर आणखी घटतो. मीठ आणि प्राणवायूची ओढ यांच्या माऱ्यात तिथल्या पेशींचा डीएनए तुटतो आणि घाईघाईने, चुकीचा जोडला जातो. स्मार्क-बी-वन ज्या भागात आहे तो भाग मुळातच तुटायला सोपा. तुकड्यांची अदलाबदल होते किंवा तुकडा गळून जातो, आणि जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की गाठ सुरू होते. ही गाठ उजव्या मूत्रपिंडात खूपच जास्त आढळते, दर चारांतल्या सुमारे तिघांच्या उजव्या बाजूला. उजवीकडची रक्तवाहिनी लांब असल्याने तिकडच्या गाभ्याला रक्ताची ओढ जास्त, असा तर्क याच उपपत्तीत बसतो. 2021 मध्ये याच गटाने असेही मांडले की दमछाक करणारा, अतितीव्र व्यायाम वाहकांत या आजाराचा धोका वाढवत असावा.

हा शेवटचा मुद्दा पुस्तिकेत घ्यावा की नाही यावर बराच विचार करावा लागला. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांतून धावपटू घडतात, आश्रमशाळेतल्या पोरांना मैदान हीच पुढे जाण्याची वाट असते. ‘वाहकाने धावू नये’ असे अर्धवट वाक्य शाळेत पोचले तर एखाद्या मुलीची धाव कायमची थांबेल, आणि त्याला कसलाही आधार नसेल. त्याच अभ्यासात उंदरांवरच्या प्रयोगात मध्यम व्यायाम अपायकारक ठरला नव्हता. म्हणून पुस्तिकेत लिहिले आहे ते एवढेच: वाहक मुलांनी खेळावे, धावावे, सरावात भरपूर पाणी प्यावे, ऊन आणि दम पाहून विश्रांती घ्यावी, आणि हे पाहण्याची जबाबदारी क्रीडाशिक्षकाची. ज्यांची लघवी दाट होत नाही त्यांच्या अंगातले पाणी लवकर उतरते. कर्करोगाचा विषय बाजूला ठेवला तरी हा सल्ला योग्यच आहे.

धोका किती, हेही मोजून सांगायला हवे. अमेरिकेतल्या आकड्यांवरून काढलेला अंदाज असा की 20 ते 39 हजार वाहकांत एखाद्यालाच आरएमसी होतो. मूत्रपिंडाच्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे प्रत्येक वाहकाची दरवर्षी सोनोग्राफी करा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. वाहकाच्या लघवीतून रक्त गेले तरी बहुतेक वेळा कारण वेगळेच निघते: गाभ्याचे टोक खराब झालेले, मुतखडा, नाहीतर जंतुसंसर्ग. पण ‘बहुतेक वेळा’ वर विसंबून राहण्यातच घात आहे. आपल्याकडे लघवी लाल झाली की उन्हाळी लागली म्हणतात, धने-जिऱ्याचे पाणी पितात. कुशीत दुखले की मुतखडा म्हणून औषध सुरू होते. वजन उतरले, खोकला आला, मानेत गाठ लागली की टीबीची शंका येते, आणि आपल्या भागात ती यायलाच हवी. तरी वाहक तरुणाच्या बाबतीत ही तिन्ही लक्षणे एकाच गाठीची असू शकतात, कारण ती फुप्फुसांत आणि लसिकाग्रंथींत फार लवकर पसरते. निदान होते तेव्हा बहुतेकांत ती मूत्रपिंडाबाहेर गेलेली असते.

निदानाची खूण सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. गाठीच्या तुकड्यावर आयएनआय-वनचा रंग चढवला की आजूबाजूच्या निरोगी पेशींची केंद्रके तपकिरी होतात आणि कर्करोगाच्या पेशींची निळीच राहतात. कित्येकदा त्याच काचपट्टीवर वाकलेल्या लाल पेशीही दिसतात, आणि रुग्ण वाहक आहे हे घरच्यांना कळायच्या आधी विकृतितज्ज्ञाला कळते. पण हा रंग चढवायचे मनात यायला हवे. रुग्ण वाहक आहे हे तपासणीच्या चिठ्ठीवर लिहिले नसेल तर गाठीला मूत्रपिंडाच्या दुसऱ्याच एखाद्या कर्करोगाचे नाव मिळू शकते, आणि मग औषधही दुसरेच. नेहमीच्या मूत्रपिंड-कर्करोगात रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या गोळ्या देतात, इथे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. इथे प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी आणि जमेल तिथे मूत्रपिंड काढण्याची शस्त्रक्रिया, हा मार्ग. तो घेऊनही निम्मे रुग्ण सुमारे तेरा महिन्यांच्या पुढे जात नाहीत. आकडा कठोर आहे, पण गाठ मूत्रपिंडातच असताना हाती लागलेले काही जण वर्षानुवर्षे जगले आहेत, हेही तितकेच खरे.

भारतात वाहक लाखोंनी, आणि आरएमसीच्या प्रसिद्ध नोंदी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. याचा अर्थ लावताना दोन बाजू आहेत. आपल्या आदिवासींत अल्फा थॅलेसेमियाचा गुण बराच आढळतो. तो सोबत असला की वाहकाच्या पेशीतले सिकल हिमोग्लोबिन घटते आणि गाभ्यातले वाकणेही कमी होते. निसर्गाने इथे थोडे संरक्षण दिलेले असणे शक्य आहे. दुसरी बाजू अशी की ज्याची सोनोग्राफी झाली नाही, गाठीचा तुकडा तपासला गेला नाही आणि जो घरीच गेला, त्याची नोंद कुठून होणार? माझा कौल दुसऱ्या बाजूला जास्त झुकतो.

त्याला कारण आहे. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. महाराष्ट्रातल्या सिकलसेलच्या अभ्यासाचे ते जुने केंद्र. तिथून चालत काही मिनिटांवर टाटा मेमोरियल. इगतपुरीचा माणूस पंचवटीने किंवा कसाऱ्याहून लोकलने दोन्हीकडे जातो. गावात मात्र सिकलसेलची नोंद आरोग्य केंद्राच्या एका वहीत असते, आणि कर्करोगाचे कागद दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या फायलीत. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे सांगणारा दुवा बहुधा एकच, तो माणूस स्वतः. त्यालाच हे माहीत नसेल तर दुवा तुटतो.

कोणी म्हणेल, आधीच वाहक मुलीचे लग्न जमवताना नाके मुरडतात, त्यात कर्करोगाचे नाव कशाला जोडता? ही भीती खोटी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सुरुवातीला सिकलसेलवर काम केले, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही, हे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले आहे. लोकांच्या माथी नुसती माहिती मारून काही होत नसते. पण माहिती लपवून लाज कमी होते, हेही मला पटत नाही. ज्याच्या घरात ही गाठ झाली त्यांना ‘वाहकाला काही होत नाही’ हे वाक्य आठवते तेव्हा त्यांचा सगळ्या सिकलसेल कार्यक्रमावरचाच विश्वास उडतो. पुढच्या पाड्यावर मग रक्त द्यायला कोणी हात पुढे करत नाही.

पुस्तिकेत पुढे चित्रे आहेत, तपासण्यांची नावे आहेत, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारे कागद आहेत. ज्यांना सगळे वाचायला सवड नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. तुमच्या किंवा तुमच्या मुलाच्या कार्डावर ‘एएस’ असेल आणि लघवी एकदाही लाल झाली, दुखो वा न दुखो, थांबो वा न थांबो, तर इगतपुरीच्या किंवा घोटीच्या ग्रामीण रुग्णालयात जा. कार्ड सोबत न्या, ते डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्याच आठवड्यात पोटाची सोनोग्राफी करून मागा. शंका राहिली तर सीटी स्कॅनसाठी धामणगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नाशिकला पाठवायला सांगा. आशाताईंना विनंती अशी की वाहकाला ‘काळजी करू नका’ म्हणाल तेव्हा त्याच दमात ही गोष्टही सांगा.